मणी दोनवर ठेवायचा

आप्पा,

घरात आता एक मशीन हाय. न्हाणीच्या अलीकडं, तुमची सायकल टेकवलेली असायची तिथं. लहान कपाटाएवढं, खाली चाकं, आणि दिवसभर घुर्रर्र चालू. बाहेरची हवा ओढून घेतंय, त्यातला ऑक्सिजन गाळतंय आणि लांबलचक नळीतनं आईच्या नाकात सोडतंय. पहिला आठवडा त्या आवाजानं डोकं उठायचं. आता आवाज थांबला की दचकायला होतंय. मशीनच्या पुढं एक उभी काचेची नळी हाय, तिच्यावर एकपासनं पाचपतूर आकडे, आणि आत एक बारका मणी तरंगतोय. खालचं बटण फिरवलं की मणी वर चढतोय, म्हंजे ऑक्सिजन वाढतोय. डॉक्टरांनी सांगितलंय, मणी दोनवर ठेवायचा. ह्या मण्याची गोष्ट तुमाला सांगायची हाय, कारण हिच्यात तुमची बहीण अडकलेली हाय आणि तिला अडकवणारा मी हाय.

तीन वेळा सुरुवात करून कागद फाडले. मी कथा लिहितो हे तुमाला ठाऊक न्हाय. तुमी गेलासा तवा मी सातवीत हुतो. आता पंधरा वर्षं झाली. सकाळ-संध्याकाळ शिकवण्या घेतो आणि मधल्या वेळात असलं काय काय लिहितो की मित्र म्हणत्यात, बाबा, तुझी गोष्ट शेपटीकडनं सुरू होती आणि मधनंच पळून जाती. ही पळून जाऊ देणार न्हाय. सरळ सांगतो.

तुमी बेळगावात उद्यमबागच्या फौंड्रीत गार झालेले वाळूचे साचे फोडायचासा. घरी आल्यावर कानातनं, भुवयांतनं काळी वाळू निघायची आणि आई म्हणायची, "अर्धा कारखाना घरीच घेऊन येतायसा बघा." तुमी हसायचासा, हसता हसता खोकला यायचा आणि मग खोकलाच उरायचा. शेवटच्या दिवशी दुपारी दवाखान्यात ऑक्सिजनचं सिलिंडर ढकलत आणलं. लोखंडी, तुमच्या उंचीचं. तुमच्या तोंडावर मास्क बसवला, आणि दिवस मावळायच्या आत तुमी गेलासा. आईनं त्यातनं एकच गोष्ट शिकून ठेवली, ऑक्सिजन लावला की माणूस संपला. कुणी कितीबी समजावलं तरी तिच्या डोक्यातली ही गाठ सुटली न्हाय.

आणि मी तुमच्याकडनं एक शिकलतो, तेबी सांगतो. जत्रेच्या जेवणाला पंगतीत वाढायला तुमी सगळ्यात पुढं. माणूस पानावर दोन्ही हात आडवे धरतोय, "नको, नको" म्हणतोय, आणि तुमी त्याच्या बोटांच्या फटीतनं लाडू सोडतायसा. मी एकदा आमटी वाढताना पळी अर्धीच भरली. पंगतीतल्या सगळ्यांसमोर तुमी मला झापलासा, "हात आखडतोस व्हय रं? माणूस नको म्हणतंय म्हंजे त्याला पायजे असतंय. नको म्हणणं त्याची रीत, वाढणं आपली रीत." कान तापले हुते माझे. त्यानंतर आजपतूर मी कुणाला हात आखडून वाढलेलं न्हाय. चहासुद्धा कपातनं बशीत सांडेपतूर ओततो.

आईचं फुप्फुस कधी थकलं, आमाला कळलंच न्हाय. चुलीचा धूर हुता, आणि लग्नाआधी निपाणीच्या वखारीत तंबाखू निवडताना नाकातोंडात गेलेला खकाणा, ती तंबाखूची धूळ, हुती. आधी ती बाजारातनं येताना एकदा बसायची. मग दोनदा. मग बाजारच बंद झाला. मग वेणी घालताना हात वर धरला तरी दम लागायला लागला आणि एक दिवस तिनं केस कापून टाकले. "उकडतंय," म्हणाली. आषाढात डॉक्टरांनी मशीन सांगितलं. मशीन घरात आलं तवा तिनं त्याच्याकडं पाठ केली आणि मला विचारलं, "किती दिवस म्हणालीत?" तिला वाटलं, तुमच्यासारखे तिचेबी तास मोजलेत.

मग मी आत्याला फोन लावला. तुमची थोरली बहीण दुसऱ्या दिवशी निपाणीच्या गाडीनं हजर. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात मिश्रीची डबी. तुमाला ठाऊकच हाय, आई आणि आत्या एकाच वखारीत शेजारी शेजारी बसायच्या आणि तिथंच आत्यानं आईला तुमच्यासाठी हेरलं; आई तिला तवापासनं आक्का म्हणती. आत्या आली आणि घराला तोंड फुटलं. बोटाला लावायचा चिमटा असतोय, त्यात रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा दिसतोय. डॉक्टरांनी सांगितलं हुतं, आकडा अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णवच्या मधे पायजे. आत्या चिमटा बघून म्हणाली, "अठ्ठ्याऐंशी! फस्क्लास की गं!" आईला हसू आलं. त्या हसण्याच्या जोरावर तिनं नाकात नळी घालून घेतली.

मला मात्र ते आकडे पटेनात. मी मार्कांवर वाढलेला माणूस. अठ्ठ्याऐंशी म्हंजे बारा गेले कुठं? त्यात बघायला येणारा प्रत्येक माणूस मशीनसमोर वाकून मणी बघायचा आणि म्हणायचा, "दोनच व्हय? पाचपतूर हाय की. वाढवा की जरा बिचारीला." जणू आमी आईला उपाशी ठेवलंय. एका संध्याकाळी आई न्हाणीतनं आली, भिंतीला धरून उभी राहिली, ओठ निळसर. मी शिकवणीला निघालतो. चिमट्याकडं बघत बघत बटण फिरवलं. मण्याकडं बघितलंसुद्धा न्हाय. आकडा चढला, चौऱ्याण्णव. मी शीळ घालत गेलतो, आप्पा. दुसऱ्या दिवशी परत थोडं फिरवलं. शहाण्णव. हात आखडायचा न्हाय, एवढंच डोक्यात.

आई झोपायला लागली. आमी खूश. आत्या म्हणाली, "किती दिसानं अशी झोपली बघ, लेकरागत." डोकं दुखतंय म्हणायची, ते झोपेमुळं असंल असं वाटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला चहाला उठवायला गेलो तर ती उठेना. गाल लाल, हात गरम, चिमट्यात अठ्ठ्याण्णव. आप्पा, एवढे मार्क कधी पडले नव्हते, आणि आई डोळे उघडेना. तिला उचलताना माझी नजर मशीनवर गेली. मणी पाचवर हुता. मी हळूच बटण फिरवून दोनवर आणला. आधी ते केलं, मग गाडी बोलावली.

डॉक्टर कन्नड बाई, मराठी तोडकंमोडकं खरं काळजाचं, आईला अव्वा म्हणत्यात. त्या म्हणाल्या, "हे बघा री, अव्वाचं फुप्फुस हवा आत घेतंय, बाहेर टाकत न्हाय. आतला कार्बन साठतोय. ऑक्सिजन लई दिला तर तो अजून साठतोय, मग माणूस गुंगतोय. झोप न्हाय री ती. दोन म्हंजे दोन. कोण वाढवलं हे?" मी म्हणालो, "आत्यानं. तिला मशीनमधलं कळत न्हाय." तोंडातनं आपोआप गेलं. आत्या माझ्या मागंच उभी हुती, हातात थर्मास घेऊन. डॉक्टर तिला कन्नडमधे लई बोलल्या. निपाणीत सगळा जन्म गेल्यावर कन्नड काय तिला कळत न्हाय असं न्हाय. शब्द न शब्द कळला. तिनं पदर सारखा केला आणि थर्मासचं झाकण आवळत राहिली, आवळलेलंच हुतं तरी. चौथ्या दिवशी आई शुद्धीवर आली, तिनं पेज घेतली, तवा आत्या म्हणाली, "माझी गाडी हाय," आणि निपाणीला गेली. आईला मी सांगितलं, आत्यानं बटण फिरवलतं. एकदा खोटं बोललेलं दुसऱ्यांदा बोलायला सोपं जातंय.

आई घरी आली तवा एक दुसरं लहान मशीन संगं आलं. त्याला मास्क. नाकातोंडावर घट्ट बांधायचा, मशीन जोरानं हवा आत ढकलतंय आणि साठलेला कार्बन बाहेर निघायला वाट करून देतंय. रोज रात्री झोपताना आणि दुपारी दोन तास. डॉक्टर म्हणाल्या हुत्या, हे लावलं तर अव्वा घरातच आरामात वर्षं काढंल. न्हाय लावलं तर परत तीच गुंगी. आणि आई लावून घेईना. मी बांधायचा, ती पाच मिनिटांत ओढून काढायची. "कोणतरी तोंडात फुंकतंय सारखं," म्हणायची. तुमच्या तोंडावरचा मास्क तिला दिसत असणार, ते ती म्हणायची न्हाय. मी समजावलं, ओरडलो, एकदा रडलोबी. ती म्हणायची, "तू शिकवणीला जा." भिंतीकडं तोंड करून पडायची. दार पुढं केलेलं. शेजारीण खिडकीतनं विचारायची, "काय करूलालीस गं?" तर ती चादर डोक्यावरनं ओढून घ्यायची. एक दिवस मात्र भिंतीकडं बघतच म्हणाली, "आक्का असती तर." आणि वाक्य तिथंच सोडलं.

तो गुरुवार. मी शिकवणी बुडवली आणि निपाणीची गाडी धरली. तवंदीचा घाट उतरेपतूर मनात चार वाक्यं जुळवली, चारीबी भारी हुती. आत्या दारात बसून तव्यावर मिश्री भाजत हुती. मला बघून तिनं पहिल्यांदा काय केलं, सांगू? तव्यावर ताट उपडं घातलं. धूर माझ्या अंगावर बसून आईपतूर जाऊ नये म्हणून. मग म्हणाली, "कशी हाय ती?" माझी चारीबी वाक्यं गेली. मी म्हणालो, "आत्या, बटण मी फिरवलतं."

तिनं तव्यावरचं ताट नीट बसवलं. मग विचारलं, "किती डाव?"

"दोन."

"मीबी दोन डाव," ती म्हणाली. "एकदा ती जिन्यावर बसली हुती दम खात, तवा. आणि एकदा उगंच. वाढायला काय लागतंय, म्हटलं."

आप्पा, खोटं सांगायचं न्हाय, माझा जीव भांड्यात पडला. म्हंजे मी खोटं बोललोच नव्हतो की! तोंडावर हसू आलं असणार, कारण तिनं ते धरलं. "दात काढू नको. मी फिरवल्यालं तू बघितलंवतंस?"

"न्हाय."

"मग न बघता माझं नाव घेतलंस. चार माणसांत. माझ्या भावाच्या पोरानं." आवाज चढवला न्हाय तिनं. ताट उचललं, मिश्री हलवली, परत झाकली. "आईला सांगितलंस?"

"न्हाय."

"सांग मग. मी न्हाय सांगायची, माझं काम न्हाय ते. आता चहा घे, आणि बशीत सांडू नको, साखर महाग हाय."

दोन दिवसांनी ती आली. आई पलंगावर उठून बसली, तोंड मात्र फुगवलेलं. "आलीस? आता काय सिलिंडरच उघडतीस व्हय माझ्या तोंडात?" आत्यानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाली, "उघडीन की. आधी पाणी तर दे." झालं, भांडण संपलं. मग तिनं मास्क हातात घेऊन उलटासुलटा केला. "ह्येला भ्यालीस? वखारीत दिवसभर नाकातोंडाला फडकं आवळून बसायचीस, सहा सहा तास. तवा न्हाय गुदमरलीस. ह्यो तर वारा घालतोय तुला. वखारीच्या मालकानं कधी वारा घातलावता व्हय?" आणि आत्यानं सरळ आपला पदर नाकातोंडावरनं घेऊन मागं गाठ मारली, वखारीतल्यासारखी, आणि आईसमोर मांडी घालून बसली. "बांध. बघू कोण आधी सोडतंय."

आईनं बांधला. मशीन चालू झालं. दोघी समोरासमोर, एकीच्या तोंडावर रबर, दुसरीच्या तोंडावर इरकलीचा पदर, आणि दोघी बोलायला लागल्या. मला एक अक्षर कळेना. नुसतं घुमल्यासारखं. खरं त्यांना कळत हुतं. खकाण्यात बसून बायका तोंड झाकूनच बोलायच्या ना, डोळ्यांनी आणि भुवयांनी. मधेच आईचे खांदे हलायला लागले. मी घाबरून पळत गेलो, तर ती हसत हुती. पाऊण तास झाला. आत्यानं हरल्यासारखं करून गाठ सोडली. आईनं बोटानं खूण केली, मी अजून हाय.

त्या दिवसापासनं दुपारचे दोन तास म्हंजे वखार. आत्याचं एक पाऊल निपाणीत, एक हितं आमच्या घरी कंग्राळीत. खंडेनवमीला तिनं दोन्ही मशीनांची पूजा केली. तुमी मला एकदा खंडेनवमीला फौंड्रीत नेलतं, मशीनींना हार घातलेले, चिरमुरे-पेढे, आणि रोज काळे दिसणारे तुमचे दोस्त धुतलेल्या शर्टात ओळखू न येणारे. मी आत्याला तेच सांगत हुतो तवर मोठ्या मशीनचा कर्कश भोंगा वाजायला लागला. झेंडूचा हार तिनं नेमका मागच्या जाळीवर घातलेला, जिथनं ते हवा ओढतंय. आई म्हणाली, "आक्का, त्येचं नाक दाबलंस की गं!" आणि तिनं स्वतः वाकून हार काढला. स्वतः वाकून, आप्पा.

आता ती कट्ट्यावर बसती. नळी घरातनं दारापतूर आणि दारातनं कट्ट्यापतूर पुरती. स्वैपाकघरात उंबऱ्याच्या आत यायचं न्हाय, गॅसच्या जाळाजवळ ऑक्सिजन नको, म्हणून उंबऱ्यावर बसून मला भाकरी थापायला शिकवती. माझ्या भाकरीचा आकार बघून म्हणाली, "हा काय बेळगाव जिल्ह्याचा नकाशा हाय?" कट्ट्यावर परवा एक बाई म्हणाली, "ही नळी कुठंपतूर जाती गं?" आई म्हणाली, "निपाणीपतूर." करंट गेला तर इन्व्हर्टर हाय, आणि कोपऱ्यात एक लहान सिलिंडर. तिला आता त्याची भीती न्हाय. त्याच्यावर ती टॉवेल वाळत घालती. मागच्या तपासणीला डॉक्टर म्हणाल्या, "अव्वा, छान. मणी कितीवर?" आईनं दोन बोटं दाखवली, आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "आमच्या आक्काला विचारा. तिला लई वाढायची सवय."

हेच राहिलंय बघा, आप्पा. रोज एकदा तरी आई आत्याला टोमणा मारती. "बटणापासनं लांब बस." "हिच्या हातात देऊ नगा, ही पाचवर नेती." गल्लीतल्या बायका हसत्यात. आत्यासुद्धा हसती, पण हसायच्या आधी एक क्षण माझ्याकडं बघती. रागानं न्हाय. वाढपी वाकून उभा असतोय आणि समोरचा अजून हात बाजूला घेत न्हाय, तसं. माझे दोन डाव तीच सोसती. डॉक्टरांना मी मागच्या खेपेला खरं सांगितलं, त्या म्हणाल्या, "हुतंय री, सगळ्या घरात हुतंय." आत्याला सांगितलं. आईला अजून सांगितलेलं न्हाय.

कारण मी असं ठरवलतं की तिला जरा दम येऊ दे. मला शिव्या द्यायच्या तर तिला मधे थांबायला लागू नये, एका दमात पोटभर देता याव्यात, मग सांगू. चांगलं कारण हाय, न्हाय? मी स्वतःला महिनाभर हेच सांगतोय.

काल दुपारी बोका दुधाच्या पातेल्याशी गेला. आई उंबऱ्यावर हुती. म्हणाली, "अरं मुडद्या, झाकलेल्या दुधात तोंड घालतोस, थांब, तुझं तंगडंच मोडून गळ्यात घालते, परत ह्या गल्लीत पाय ठेवलास तर!" मधे एकदाबी थांबली न्हाय. बोका माडीवर पळाला, आत्या पोट धरून हसली. मी हातातलं पीठ तसंच धरून उभा राहिलो.

हे पत्र कुठं टाकायचं न्हाय, तुमाला पत्ता न्हाय आणि खरं तर हे तुमच्यासाठी नव्हतंच, तिला सांगायची रंगीत तालीम हुती. तिच्या दमाची मी वाट बघत नव्हतो, आप्पा. मी भ्यालतो. आणि आता तिचा दम पुरतोय.